मानसशास्त्राच्या व्यावसायिक संघटनेची मानद फेलोशिप कशी मिळते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.ए. करून पुण्यात बरीच वर्षं समुपदेशन करताय, आणि आता व्हॉट्सॲपवर एका 'आंतरराष्ट्रीय' मानसशास्त्र संघटनेचं पत्र आलंय. मानद फेलो म्हणून तुमची निवड झाली आहे, पंधरा हजार भरा, हॉटेलात समारंभ आहे. हे घ्यावं का? आणि घेऊ नये, तर खरी मानद फेलोशिप कशी मिळते?

पहिल्याचं उत्तर: घेऊ नका. ज्याचा सत्कार त्याच्याकडूनच शाल-श्रीफळाचे पैसे, हा सरळ विक्रीचा व्यवहार झाला. खऱ्या संघटनांत मानद सभासदाला बहुतेक ठिकाणी वर्षाची वर्गणीसुद्धा माफ असते. तरी मन राहवत नसेल तर त्यांच्याकडे संघटनेच्या घटनेची, म्हणजे नियमावलीची, प्रत आणि नोंदणी क्रमांक मागा. महाराष्ट्रातली संस्था साधारणपणे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते, त्यामुळे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तिचं दप्तर सापडायला हवं. मानद फेलो कोण नेमतं, कोणाच्या ठरावाने, हे घटनेत लिहिलेलं असतं. या दोन गोष्टी मागितल्यावर पलीकडून उत्तर येणं बंद झालं, तर तुमचे पंधरा हजार वाचले.

आता खरा प्रश्न. लोक फेलो आणि मानद फेलो यांत गल्लत करतात. फेलो म्हणजे संघटनेतला वरच्या दर्जाचा सभासद, आणि मानद फेलो म्हणजे ज्याला तो दर्जा सन्मान म्हणून दिला जातो तो. साधी फेलोशिप ही तुम्ही स्वतः मनावर घेऊन मिळवायची गोष्ट आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचं उदाहरण घ्या, ही १८९२ मध्ये स्थापन झालेली संघटना. तिथे फेलो व्हायला आधी तिचं सभासद असावं लागतं, डॉक्टरेटनंतर किमान पाच वर्षांचं काम लागतं, आणि अर्ज जातो तो तुमच्या विषयाच्या विभागामार्फत. त्या विभागात आधीपासून फेलो असलेल्या माणसांची शिफारसपत्रं लागतात. निकष एकच, पण कडक: तुमच्या कामाचा परिणाम तुमच्या गावाबाहेर, तुमच्या संस्थेबाहेर दिसला पाहिजे. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी १९०१ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सुरू झाली, १९६५ मध्ये तिला शाही सनद मिळाली. तिथे असोसिएट फेलो, त्याच्या वर फेलो, आणि मानद फेलो ही त्या शिडीच्या बाजूला वेगळीच पायरी.

मानद फेलोशिपसाठी आपलं आपण उठून अर्ज करायचा नसतो. नाव दुसऱ्यांनी सुचवायचं, अनुमोदन तिसऱ्याने द्यायचं, कार्यकारिणीने किंवा सर्वसाधारण सभेने ठराव करायचा. ज्याचं नाव आहे त्याला पुष्कळदा ठराव झाल्यावरच कळतं. त्यामुळे 'कशी मिळवायची' या प्रश्नाला सरळ रस्ता नाही, पण कार्यकारिणीत बसून अशी प्रकरणं वाचलेली असल्यामुळे टेबलाच्या अलीकडे काय चालतं ते सांगू शकते.

एका बैठकीत दोन नावं होती. पहिल्या नावाची फाइल इतकी जाड की तिचा दोरा सुटला होता. वेबिनारची प्रमाणपत्रं, 'प्रमुख पाहुणे' असल्याचे फोटो, वर्तमानपत्रातल्या सदराची कात्रणं, कुठल्या कुठल्या गौरवपत्रांच्या रंगीत झेरॉक्स. सगळं खरं होतं, खोटं काही नव्हतं. पण ती उलटताना आमच्यातल्या एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, "यातलं नक्की काय आपण उद्या वापरणार आहोत?" कोणाला काही सांगता येईना. दुसरं प्रकरण चार पानांचं. एका निवृत्त प्राध्यापिकेने चिंतेच्या एका कसोटीचं मराठी रूपांतर केलं होतं: आधी भाषांतर, मग दुसऱ्याच कोणाकडून उलट भाषांतर, मग शाळेतल्या मुलांवर चाचणी, मुलं जिथे अडखळली ती विधानं पुन्हा लिहिणं, शेवटी विश्वसनीयता तपासून वयोगटांप्रमाणे मानके, म्हणजे कुठल्या वयाला साधारण किती गुण पडतात त्याचे तक्ते. शहरातली मुलं वेगळी, तालुक्यातली वेगळी, हेही त्यात होतं. बैठकीतल्या निम्म्या लोकांच्या कपाटात ती कसोटी आधीच होती. चर्चा पाच मिनिटांत संपली आणि चहा आला.

पुण्या-महाराष्ट्रात काम करणाऱ्याला हे उदाहरण नवं नाही. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बुद्धिमापनाची बिने कसोटी मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली. आज मुलाच्या बुद्ध्यंकाचा कागद लागला की कितीतरी ठिकाणी अजून बिने-कामतच काढली जाते. मानके जुनी झाली म्हणून आपण सगळेच कुरकुरतो, आणि तरी तीच वापरतो. नागपूरला मालिन यांनी वेक्सलरची मुलांची बुद्धिमत्ता कसोटी भारतीय मुलांसाठी बसवली, तिचंही तेच. इथे ज्ञान प्रबोधिनीने, म्हणजे १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी सुरू केलेल्या संस्थेने, गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञाच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर कसोट्या तयार केल्या. मानद फेलोशिपच्या चर्चेत वजन पडतं ते अशा कामाला, कारण ते दुसऱ्याच्या हातात जाऊन चालत राहतं.

'मी तर समुपदेशक, संशोधक नाही' असं तुम्ही म्हणाल. हरकत नाही. काम संशोधनाचंच असलं पाहिजे असं नाही. संघटनेचं नियतकालिक कोणी वर्षानुवर्षं संपादित करतं, कोणी नव्या समुपदेशकांच्या केसेसवर विनामूल्य पर्यवेक्षण करतं, कोणी आचारसंहितेचा मसुदा लिहितं आणि मग तक्रार निवारण समितीत बसून नको ती भांडणं ऐकतं. हे शेवटचं काम कोणालाच नको असतं. माझं मत विचाराल तर संघटना खरी कोणाच्या जिवावर उभी असते हे त्या समितीत कळतं. वार्षिक अधिवेशनात फक्त जेवणाच्या वेळी दिसणारे लोकही आम्हाला नीट माहीत असतात, तो भाग सोडा.

म्हणून आजीव सभासद व्हा, आणि नुसतं होऊन थांबू नका. क्लिनिकल, म्हणजे मानसिक आजारांचं निदान आणि उपचार यांचं, प्रशिक्षण नसेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांच्या संघटनेत नियमित सभासदत्व मिळणार नाही, पण समुपदेशनाच्या किंवा सर्वसाधारण मानसशास्त्राच्या संघटनेत मिळेल. अधिवेशनात तुमच्या कामावरचा एक पेपर वाचा, प्रेरणादायी भाषण नको. पुण्यातल्या केसेसमधून जे दिसलं, म्हणजे स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत खोली घेऊन राहिलेली मुलं, आयटीतली रात्रपाळी, एकटे राहणारे आणि मुलं परदेशात असलेले आईवडील, ते नोंदी ठेवून, संमती घेऊन, ओळख लपवून लिहिलंत, तर ते दुसऱ्या कोणाकडे नाही. तुमचं नाव पुढे सुचवणारी माणसं इथेच भेटतात.

एक गोष्ट मात्र फेलोशिपच्या भरात विसरू नका. मानद असो की साधी, कुठलीही फेलोशिप म्हणजे परवाना नव्हे. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करायचं तर १९९२ च्या कायद्याप्रमाणे भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव हवं, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली व्याख्याही त्याच परिषदेने मान्य केलेली पात्रता धरते. नोंदणीशिवाय ते काम केल्यास १९९२ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दंडाची रक्कम बघून हसू नका, कैद त्याच वाक्यात आहे. कर्वे रोडवरच्या दवाखान्याच्या पाटीवर नावापुढे इंग्रजी अक्षरांची आगगाडी लावली की पेशंटला त्यातलं एकही कळत नाही. पण ज्याला कळतं तो नेमकं 'ही अक्षरं कुठली?' असं विचारतो. पाटीवर पदवी लिहा, नोंदणी असेल तर क्रमांक लिहा. मानद सन्मान बायोडेटात शेवटी, वर्षासह.

शेवटी एक वेगळी सूचना. स्वतःच्या फेलोशिपचा विचार थोडा बाजूला ठेवून या वर्षी तुमच्या एखाद्या जुन्या बाईंचं किंवा सरांचं नाव सुचवून बघा. तुम्हाला शिकवलेल्यांपैकी कोणीतरी असं असेलच, ज्यांचं काम सगळे वापरतात आणि ज्यांना कोणी काही दिलेलं नाही. प्रस्तावाचं पत्र लिहायला बसलात की निकष म्हणजे काय ते आपोआप कळेल. 'अत्यंत मनमिळाऊ आणि विद्यार्थिप्रिय' अशी वाक्यं खोडत जाल आणि 'ही कसोटी आज अमक्या शाळांत वापरतात' असलं वाक्य सापडलं की थांबाल. एका पानात बसवा, दोन अनुमोदक वेगवेगळ्या संस्थांतले घ्या, आणि दोघांना एकच मजकूर पाठवून सह्या घेऊ नका, ते लगेच ओळखू येतं.

फक्त वेळ हाताशी ठेवा. बाई आधी "कशाला उगाच" म्हणतील, मग प्रकाशनांची यादी कुठल्या तरी जुन्या वहीत असेल, वही मुलीकडे असेल आणि मुलगी बंगळुरूला. प्रस्तावाच्या शेवटच्या तारखेच्या दोन महिने आधीच त्यांच्या घरी जा.