साथीच्या दिवसांतली वसुली: नव्या फील्ड ऑफिसरसाठी

विदर्भात डेंग्यू, स्क्रब टायफसची साथ येते ती पावसाळा सरताना. निंदण संपलेलं, कापूस वेचणी अजून सुरू व्हायची असते, हातात रोख नाही. म्हणून गटकर्ज घेतलेल्या एखाद्या बाईचा पहिला हप्ता चुकला की लगेच तिच्या घरी जा. आजारी कोण, कमावतं कोण, वेचणी कधी लागणार, हे विचारून लिहून ठेवा.

तिचा हप्ता गटातल्या इतर बायांकडून भरून घ्यायची घाई नको. एका घरी आजार असेल तर गट सांभाळून घेतो. पाचपैकी तिघींच्या घरी ताप असेल तर उरलेल्या दोघी सावकाराकडे जातात आणि अख्ख्या गटाचे हप्ते थकतात.

मुदत वाढवताना व्याज स्पष्ट सांगा, इथेच सगळ्यात जास्त भांडणं होतात. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्टचे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती. व्याज मात्र माफ नव्हतं. ३०,००० रुपये बाकी आणि वर्षाला २४ टक्के दर, म्हणजे महिन्याला ६०० रुपये, तीन महिन्यांत १,८००. हे तिच्या कार्डावर मांडून दाखवा, सही मग घ्या.

नवं कर्ज देऊन जुनं वळतं करू नका. थकबाकी लपते, ओझं वाढतं. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचा फोनही नको, तसा नियमच आहे.

घरात मृत्यू झाला तर आधी कर्जासोबतचा विमा तपासा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायला सांगा. दाखल्याशिवाय दावा अडतो.