‘दोन-तीन वर्षांत येतो’ म्हणण्याआधी

“मॅडम, बाहेरची ऑफर आली आहे. पण आईवडील इथे एकटे पडतील. जाऊ की नको, तुम्हीच सांगा.”

नाशिकमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न आता सतत येतो. विचारणाऱ्यांत अंबड-सातपूरच्या कंपन्यांतले इंजिनिअर असतात, नर्सिंग केलेल्या मुली असतात, हॉटेल मॅनेजमेंट झालेली मुलं असतात. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुटेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मनचे क्लास लावलेलेही येऊ लागलेत. जाऊ की नको याचं उत्तर मी देत नाही, आणि देऊही नये. पण इतक्या घरांचं ऐकल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. माणूस गेल्यामुळे घरं जेवढी दुखावली जातात, त्याहून जास्त ‘दोन-तीन वर्षांत येतो’ या मोघम वाक्यानं दुखावली जातात. मागे राहिलेली माणसं त्या वाक्यावर आपलं आयुष्य बेतत राहतात आणि बोलणारा मात्र ते विसरून गेलेला असतो.

अशाच एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. त्याला आपण अभिजित म्हणू आणि त्याच्या बायकोला अश्विनी.

अभिजित चौतीस वर्षांचा. अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत टूल डिझाइन करतो. 2025 च्या पावसाळ्यात त्याला याच बाडेन-वुटेंबर्गमधल्या श्टुटगार्ट शहराजवळच्या एका कंपनीची ऑफर आली, वर्षाला 54,000 युरो. युरो शंभर रुपयांच्या घरात, म्हणजे चोपन्न लाख. हा आकडा सासुरवाडीपर्यंत पोचला होता आणि पेढेही वाटून झाले होते. तो माझ्याकडे आला तेव्हा मात्र त्याला झोप लागत नव्हती. आईवडील दिंडोरी तालुक्यातल्या गावी, तीन एकर द्राक्षबाग, वडिलांना मधुमेह. बहीण लग्न होऊन पुण्याला. “मी गेलो तर मी त्यांना टाकून गेलो असंच होणार ना?” असं तो दोनदा म्हणाला.

अशा वेळी मी समजूत घालायला जात नाही. मी त्याला मागचा महिना नीट आठवायला सांगितला. आईवडिलांसाठी प्रत्यक्षात काय काय केलंस? कोणत्या वारी, किती वाजता? तो आधी गडबडला, मग एकेक गोष्ट निघत गेली. रोज रात्री नऊच्या सुमाराला फोन. एकाआड एक रविवारी गावी फेरी. औषधांच्या गोळ्या शहरातून न्यायच्या. फवारणीच्या औषधांचे हिशेब बघायचे. मजुरांच्या टोळीच्या मुकादमाला फोन करायचा. सोसायटीच्या कर्जाची कागदपत्रं बघायची. म्हसरूळला राहणारा हा मुलगा गावापासून जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर होता, पण आईवडिलांसोबत राहत नव्हताच. दहा वर्षांपूर्वीच तो घराबाहेर पडला होता. ‘टाकून जाणं’ हा शब्द त्याच्या डोक्यात डोंगराएवढा झाला होता. प्रत्यक्षात सुटणार होती ती पाच-सहा कामं. यातली काही फोनवरून होतात, काही चुलतभावाला सांगता येतात, एखादं पैसे देऊन करून घेता येतं. रविवारची फेरी मात्र कुणालाच देता येत नाही. तिचं दुःख खरं आहे, आणि ते दुःख म्हणूनच धरावं. त्याला अपराध म्हणायचं कारण नाही.

पैशाचं मी थोडक्यात उरकते, कारण तिथे गोंधळ कमी आणि आकडेमोड जास्त असते. 2025 साली जर्मनीच्या ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी माणसांना मिळणाऱ्या नोकरी-वास्तव्याच्या परवान्यासाठी, सर्वसाधारण किमान पगार 48,300 युरो होता, त्यामुळे त्याची ऑफर नियमात बसत होती. पण 54,000 हा कपातीआधीचा पगार. प्राप्तिकर, पेन्शन, आरोग्यविमा, बेरोजगारी विमा हे सगळं कापून महिन्याला 2,900 युरोच्या आसपास हातात पडतात. शिवाय बायको भारतात राहिली तर कर साधारण एकट्या माणसासारखाच लागतो. जोडप्याची जी सवलतीची करश्रेणी असते, ती जोडीदार तिकडे राहायला आल्यावर मिळते. भाडं, हीटिंग, किराणा, येण्या-जाण्याचा पास वजा करून एकट्यानं काटकसरीत राहिलं तर बाराशे-तेराशे युरो उरतील, असं त्यानं स्वतःच कागदावर मांडलं. इथल्या पगारातून त्याच्याकडे महिन्याला वीसेक हजार उरत होते. म्हणजे फायदा होता आणि चांगला होता, पण चोपन्न लाखांचा नव्हता. सासरेबुवांना हे कुणी सांगायचं यावर त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला.

“आईवडिलांना तिकडेच नेईन,” हे त्याचं दुसरं वाक्य होतं. हेही बहुतेक जण म्हणतात. भेटीच्या व्हिसावर शेंगेन देशांत, म्हणजे जर्मनीसह एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. मार्च 2024 पासून नव्यानं जाणाऱ्या कुशल कामगारांना आईवडील कायमचे आणायची वाट जर्मनीनं उघडली आहे हे खरं. पण त्यांचा पूर्ण खर्च आणि पूर्ण आरोग्यविमा दाखवावा लागतो, आणि मधुमेह असलेल्या सदुसष्ट वर्षांच्या माणसाचा तसा विमा मिळवणं सोपं नाही. त्याहून मोठी गोष्ट ही, की वडिलांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

मी वडिलांना बोलावून घेतलं. आले ते थेट नाशिकच्या मार्केटमधून, पायजम्यावर फवाऱ्याचे निळसर डाग. बसल्या बसल्या म्हणाले, “मॅडम, त्याला जाऊ द्या, माझी ना नाही. मला फक्त बागेचं सांगा.”

बाग पंधरा वर्षांची झाली होती. 2025 च्या मे महिन्यातच पाऊस लागला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड तयार व्हायला ऊन लागतं, ते मिळालं नाही. ऑक्टोबरच्या छाटणीत पुढं काय निघणार याची धास्ती होती. ते म्हणाले, “जुनी बाग काढून टाकायची वेळ आली आहे. नवी लावायची तर डॉगरिजचे खुंट लावायचे, त्यावर कलम करायचं, मांडव नवा, ठिबक नवं. पहिलं पीक हातात यायला दोन-अडीच वर्षं. एकरी लाखांनी पैसा. मी हे कुणासाठी करू? तो मागच्या चार वर्षांपासून म्हणतोय, ‘आप्पा, दोन-तीन वर्षांत मी शेतीकडे येतो.’ म्हणून मी बाग धरून ठेवली. त्याला यायचं नसेल तर मी दोन एकर भाजीपाला करीन, एक एकर वाट्यानं देईन, सुखानं राहीन.”

अभिजित शेजारीच बसला होता. त्याला वाटत होतं आप्पांना एकटेपणाची भीती आहे. आप्पांना भीती होती ती कर्ज काढून लावलेल्या बागेची, जिचा वारस येणारच नाही. चार वर्षं दोघं रोज रात्री फोनवर बोलत होते आणि खरंच यायचंय का, हा विषय एकदाही निघाला नव्हता. मुलाला वाटे, खरं सांगितलं तर आप्पा खचतील. आप्पांना वाटे, विचारलं तर पोराला अडवल्यासारखं होईल. आपल्याकडे या दोन्ही गोष्टींना प्रेम म्हणतात, आणि त्या प्रेमच असतात. पण त्यापायी तोट्यातली बाग चार वर्षं ओढली गेली.

“आप्पा, खरं सांगू? शेतीकडे यायचं माझं मनच नाही,” अभिजित शेवटी म्हणाला. बराच वेळ आप्पा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मंग हे आधी सांगायचं की रे.” राग नव्हता. हिशेब करायला बसलेल्या माणसाचा आवाज होता.

अश्विनीला मी वेगळं भेटले. हे मी नेहमी करते, आणि नवरा-बायको एकत्रच येऊ असं म्हणाले तरीही आग्रहानं करते. परदेशाच्या निर्णयात बायकोचं ‘हो’ धरून चालायची सवय आपल्या घरांत इतकी मुरलेली आहे, की तिला विचारायचं राहून गेलं हेच कुणाच्या लक्षात येत नाही. अश्विनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. डी.एड. करून किती वर्षं भरतीची वाट पाहिली, टीईटी दिली, खासगी शाळांत चार-पाच हजारांवर शिकवलं, आणि मार्च 2024 मध्ये शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून नेमणूक मिळाली. सध्या ती शिक्षणसेवक आहे, महिना 16,000 मानधनावर. तीन वर्षं पूर्ण झाली की, म्हणजे मार्च 2027 मध्ये, नियमित वेतनश्रेणी. आता सोडलं तर सगळं पाण्यात.

“तुम्हाला जायचंय का?” मी विचारलं.

“मला कुणी विचारलंच नाही मॅडम. ‘आपण जातोय’ एवढंच म्हणाला. मीही मैत्रिणींना तसंच सांगितलं. रोज सकाळी दिंडोरी रोडनं स्कूटरवर शाळेत जाताना डोक्यात एकच येतं, की ही पोरं आता माझ्याकडून वाचायला शिकतायत आणि मी त्यांना न सांगता निघून जाणार आहे.”

ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला जर्मनीत काम करायला परवानगी असते, आधी भाषेची परीक्षाही द्यावी लागत नाही. हे अभिजितनं तिला उत्साहानं सांगितलं होतं. पण परवानगी मिळणं वेगळं आणि शिक्षिका म्हणून उभं राहणं वेगळं. तिथे शिक्षकाच्या पात्रतेला प्रत्येक राज्य स्वतंत्र मान्यता देतं आणि भाषा फार वरच्या पातळीची लागते. म्हणजे तिला कित्येक वर्षं शिकावं लागलं असतं, किंवा दुसरंच काही करावं लागलं असतं. यालाही ती कदाचित तयार झाली असती. पण ही किंमत त्या चोपन्न लाखांच्या हिशेबात कुठेच धरलेली नव्हती.

मुलगी साडेपाच वर्षांची. जून 2026 मध्ये पहिलीत जाणार. जर्मनीत सहाव्या वर्षापासून शाळा सक्तीची, सरकारी शाळा फुकट आणि जर्मनमधून. लहान वयात भाषा पटकन येते, त्यामुळे तिची मला तेवढी काळजी वाटली नाही. मात्र बाडेन-वुटेंबर्गमध्ये प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असते आणि त्यानंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात. म्हणून ‘बघू कधीतरी नेऊ’ असं तिच्या बाबतीत फार काळ चालणार नव्हतं, हे मी दोघांना स्पष्ट सांगितलं.

चौघं एकत्र बसले तेव्हा मी एकच अट घातली. ‘काही वर्षं’, ‘बघू’, ‘जमलं तर’ हे शब्द वापरायचे नाहीत. महिना आणि साल सांगायचं. याला बराच वेळ लागला. आईनं तर “तारीख कशी सांगणार बाई, माणूस आहे” असं म्हणून विषयच बाजूला सारला होता. पण अश्विनीचा मार्च 2027 समोर होता, त्यामुळे सगळ्यांना धरायला एक खुंटी मिळाली.

ठरलं ते असं. अभिजितनं एकट्यानं जायचं. अश्विनी आणि मुलगी मार्च 2027 पर्यंत इथेच. ती कायम झाली की एप्रिल 2027 मध्ये चौघांनी पुन्हा बसायचं आणि त्या वेळी तीनच पर्याय असतील: ती दीर्घ रजेचा अर्ज करून मुलीला घेऊन जाईल, किंवा तो परत येईल, किंवा आणखी एक वर्ष असंच राहायचं, पण फक्त एक. तोवर जर्मनची परीक्षाही मार्गी लावायची. ब्लू कार्डवर जर्मन भाषेची बी-वन (मध्यम) पातळी असेल तर 21 महिन्यांत आणि ए-वन (अगदी प्राथमिक) असेल तर 27 महिन्यांत तिथल्या कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, त्यामुळे परत यायचं की नाही हा प्रश्न त्या सुमाराला नव्यानं तापणार हे त्याला आत्ताच माहीत असलेलं बरं. बाग काढायची. नवी लावायची नाही. वडिलांचा औषधोपचाराचा विमा अभिजितनं भरायचा, बँकेच्या आणि जमिनीच्या कामांसाठी बहिणीला मुखत्यारपत्र द्यायचं, आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर चुलतभाऊ. त्याला हे गृहीत न धरता घरी जाऊन विचारायचं, असं आईनं सुचवलं. ते अगदी योग्य होतं.

एक गोष्ट वाचणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते, जरी या घराचा तो प्रश्न नव्हता. तुमची ऑफर एजंटमार्फत आली असेल, विशेषतः आखाती देशांतली, तर घरच्यांशी चर्चा करण्याआधी तो एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते बघा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. दागिने मोडून दोन-अडीच लाख भरलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा ‘जाऊ की नको’ हा प्रश्नच त्यांच्या हातात उरलेला नसतो. पैसे अडकलेत म्हणून ती निघतात. निर्णय मोकळ्या मनानं व्हायचा असेल तर हे आधी तपासा.

अभिजित जानेवारी 2026 मध्ये गेला. जाताना आईनं विमानतळावर रडू नये म्हणून तिला मुंबईला नेलं नाही, हे मला अश्विनीकडून कळलं आणि मला ते आवडलं नाही. तिला रडू द्यायला हवं होतं. मी तसं त्याला फोनवर सांगितलंही. आप्पांनी जुनी बाग काढून दोन एकरांत टोमॅटोची तयारी केली आहे आणि त्यांच्या आवाजात मला बऱ्याच दिवसांनी सुटका झाल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. अश्विनी शनिवार-रविवार जर्मनच्या क्लासला जाते. तिनं ‘हो’ अजून म्हटलेलं नाही. एप्रिल 2027 मध्ये म्हणेन किंवा नाही म्हणेन, असं तिनं अभिजितला सांगितलंय, आणि त्यानं ते मान्य केलंय.