खानापुरात दवाखाना सुरू करणाऱ्या नव्या डॉक्टरांस

आपण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात दवाखाना सुरू करीत आहात, याचा मनापासून आनंद वाटतो. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबी भागातून पहाटेच कोणी पोट दुखते म्हणून आले, आदल्या रात्री ते जमिनीवर झोपले होते आणि आता पापण्या जड होऊन मिटू लागल्या आहेत असे दिसले, तर दंशाची खूण सापडो वा न सापडो, मण्यारीचा विचार आधी करावा. तिचे विष रक्तावर नव्हे, तर मज्जातंतूंवर घाला घालते. त्यामुळे घोणसदंशात उपयोगी पडणारी, कोरड्या काचनळीत रक्त 20 मिनिटे न हलवता ठेवण्याची चाचणी चांगली आली, म्हणजे रक्त नीट गोठले, तरी निर्धास्त होऊ नये. श्वासावर लक्ष ठेवून 108 ला फोन करावा, बेळगावच्या रुग्णालयास आधी कळवावे आणि शक्य तर स्वतः सोबत जावे. डॉक्टरवर गावाचा विश्वास बसतो तो अशाच वेळी, असे मला वाटते.

कन्नड लवकर शिकावी, कारण इटगीकडच्या आजींना गोळी जेवणाआधी की नंतर, हे त्यांच्याच भाषेत सांगावे लागते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल त्याची थुंकी सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावी. क्षयाची औषधे तेथे मोफत मिळतात, हे घरच्यांनाही बसवून समजावावे.