कल्चर आणि स्मार्ट मार्केटिंगच्या जोरावर सॉफ्टवेअर स्टार्टअप वाढतो का?

तुम्ही लिहिलंय की सात जणांची टीम आहे, पाच डेव्हलपर, एक डिझायनर आणि तुम्ही. प्रॉडक्ट तयार आहे, मार्केटिंगला महिन्याला ४० हजार निघतात, आता कल्चर आणि स्मार्ट मार्केटिंगवर वाढायचं कसं. ‘स्मार्ट मार्केटिंग’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. का फिरतं ते सांगतो.

२०१५ ते २०१९ पुण्यात एका छोट्या कंपनीत मी भागीदार होतो. आमचं सॉफ्टवेअर दूध संकलन केंद्रांसाठी. काट्यावरून लिटर घ्यायचे, मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दरतक्त्यातून भाव काढून पावती छापायची आणि दहा दिवसांनी शेतकऱ्याचा पगार. पार्टनरने बाणेरला ऑफिस थाटलं, भिंतीवर इंग्रजीत पाच मूल्यं रंगवून घेतली, टेबल टेनिसचं टेबल आणलं. झालं आमचं कल्चर. सपोर्टचा फोन मात्र सकाळी दहाला सुरू. दूध काय दहाला येतं?

हे बोलून दाखवलं ते सपोर्टला बसणाऱ्या मुलीने. इंदापूरकडची, घरी चार गायी, केंद्रांचे सेक्रेटरी लोक तिला ताई म्हणायचे. ‘सर, आठला कॅन गाडीत चढलेले असतात. दहाला आपण कुणाचा फोन घेणार?’ पार्टनर म्हणाला, सपोर्ट म्हणजे खर्च, आधी सेल्स बघू. ती ऑफिसचा मोबाइल घरी न्यायला लागली. ना जादा पगार, ना कुणी सांगितलेलं. मीही तेव्हा गप्पच बसलो, हे कबूल करतो.

मग एका महिन्याच्या दहा तारखेला रात्री आम्ही अपडेट सोडलं, कारण अकरापासून नवीन दर लागू होते. पहाटे पावणेसहाला फलटणकडच्या एका सेक्रेटरीचा फोन: ‘ताई, ८.५ ला ८.४ चा भाव लागतोय.’ गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा आधार धरतात, आणि निम्म्या गावाचं दूध तिथंच घुटमळत असतं. कोडमध्ये ‘८.५ पेक्षा कमी’ पाहिजे होतं, तिथे कुणीतरी ‘कमी किंवा तेवढंच’ लिहून ठेवलेलं. बरोबर ८.५ लागणाऱ्या प्रत्येकाचे लिटरमागे ३० पैसे कापले जात होते.

डेव्हलपरचा फोन बंद. तिने आमच्या ४३ केंद्रांना एकेक करून फोन लावले, पावती थांबवा, आकडे वहीत लिहा. मला उठवलं ते त्यानंतर. तोवर नऊ केंद्रांनी पावत्या वाटलेल्या होत्या. दुपारी मी गाडी काढून फलटण गाठलं, संध्याकाळच्या दुधाला काट्याशेजारी उभा राहिलो आणि येईल त्याला सांगत गेलो, चूक आमची, फरक या पगारात मिळेल. एका आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मग मागच्या महिन्याचंपण बघा.’ बघितलं. ते बरोबर निघालं, पण त्यांना काही पटलं नाही.

त्या सकाळी सहा केंद्रांना आमचा नंबर सापडला नव्हता. लॅमिनेट केलेलं कार्ड प्रिंटरखाली गेलेलं. म्हणून ती म्हणाली, नंबर पावतीवरच छापा. तळाला एकच ओळ: ‘पावतीत चूक वाटल्यास पहाटे ५ पासून फोन करा.’ पार्टनर उखडला, आपणच का सांगायचं की आपल्याकडून चुका होतात? मी ती ओळ छापायला लावली. त्या पावत्या रोज दोनदा शेकडो खिशांतून घरी जायला लागल्या. दोन महिन्यांत शेजारच्या गावांतून फोन, पाव्हण्यांकडची पावती बघितली, आमच्या डेअरीला बसवाल का? दीड वर्षात ४३ ची २०० केंद्रं झाली. खर्च वाढला तो थर्मल रोलचा, म्हणजे पावतीच्या कागदाचा.

हॉटमेल या फुकट ईमेल सेवेने १९९६ मध्ये हेच केलं होतं. जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या तळाला फुकट खातं उघडायचं आमंत्रण. पुढच्या वर्षाच्या शेवटी मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली. हा दाखला आमच्या पार्टनरने एका कार्यक्रमात स्टेजवरून दिला, आणि पावतीवरची ओळ ही आपली ‘ग्रोथ स्ट्रॅटेजी’ म्हणून सांगितली. सपोर्टची ती मुलगी तेव्हा हॉलबाहेर आमच्या स्टॉलवर बसलेली.

मी तिच्यासाठी कंपनीतला अर्धा टक्का शेअर मागितला. उत्तर आलं, ‘सपोर्टवाल्यांना शेअर देतं का कुणी?’ देतात की. चेन्नईत २०१० मध्ये सुरू झालेली, ग्राहक सपोर्टचं सॉफ्टवेअर बनवणारी फ्रेशडेस्क, पुढे फ्रेशवर्क्स, २०२१ मध्ये अमेरिकेतल्या नॅसडॅक शेअर बाजारात गेली, तेव्हा आपले ५०० वर कर्मचारी कोट्यधीश झाल्याचं संस्थापक गिरीश मातृभूतम यांनी सांगितलं. त्यांच्या मार्केटिंगचा किस्साही सगळ्यांना तोंडपाठ आहे. २०११ मध्ये स्पर्धक कंपनी झेनडेस्कच्या सीईओने ट्विटरवर त्यांना नकलाकार ठरवलं, तर फ्रेशडेस्कने त्यावर वेबसाइटच काढली आणि वाद लोकांपुढे मांडला. लोकांना तेवढा किस्सा आठवतो, शेअरचं कुणी बोलत नाही.

२०१८ मध्ये ती सोडून गेली. फोन पुन्हा दहाला सुरू व्हायला लागला. वर्षभरात मीही बाहेर पडलो.

म्हणून ते ४० हजार जाहिरातीत घालू नका. गिऱ्हाईक ज्या वेळेला अडतं त्या वेळेला फोन उचलणारा माणूस ठेवा, आणि तो काय बोलतो ते डेव्हलपरांना समोर बसून ऐकायला लावा.

हे सगळं गावातल्या गिऱ्हाइकाचं झालं. तुमचं गिऱ्हाईक अमेरिकेत असेल तर पावतीचा उपयोग नाही, तिथे सर्चवर सापडावंच लागतं, आणि ते मला फारसं जमत नाही. पार्टनरने गुंतवणूक आणली नसती तर आमचे कुणाचेच पगार झाले नसते, हेही खरं. टेबल टेनिस तर मी रोज खेळायचो.

पण तुमच्या सात जणांत सपोर्ट कोण बघतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही.