अद्भुतकथेतली नायिका: लंगडी, अपंग की दिव्यांग?

कोरेगावच्या एका कथालेखिकेनं विचारलं आहे: "दिवाळी अंकासाठी अद्भुतकथा लिहिते आहे. माहुलीच्या संगमाजवळचं एक कल्पित राज्य, काळ जुना. नायिका गडावरची घंटा वाजवते आणि तिला वाऱ्याची भाषा कळते. तिचा डावा पाय गुडघ्याखाली नाही, ती कुबडी घेऊन चालते. मी 'लंगडी' लिहिलं होतं. संपादक म्हणतात, आता 'दिव्यांग'च लिहावं लागतं. मला तो शब्द त्या काळात बसत नाही असं वाटतं, पण कुणाला दुखवायचंही नाही. 'अपंग' चालेल का?" सोबत त्यांनी कथेची काही पानं पाठवली आहेत.

ताई, निवेदनात या तिन्हींपैकी एकही शब्द नको. तिला डावा पाय गुडघ्याखाली नाही, हे तुम्ही मला पत्रात जसं सांगितलंत तसंच कथेत एकदा सांगा आणि पुढे तिला नावानं किंवा 'घंटेवाली' म्हणून चालू द्या. पात्रांच्या तोंडी मात्र 'लंगडी' येऊ शकतं, कोण कुणाला म्हणतंय ते पाहून.

'दिव्यांग' बसत नाही हे तुम्हाला जाणवलं ते बरोबर आहे, आणि त्याचं कारण नुसतं काळाचं नाही. हा शब्द या अर्थानं अगदी अलीकडचा. 27 डिसेंबर 2015च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी हिंदीतल्या 'विकलांग'ऐवजी तो वापरावा असं सुचवलं. अपंगांच्या हक्कांविषयीच्या 1995च्या कायद्याच्या मराठी नावात 'अपंग व्यक्ती' होतं, 2016च्या नव्या कायद्यात ते 'दिव्यांग व्यक्ती' झालं. 2022 मध्ये आपल्या राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. दाखला, आरक्षण, पेन्शन, ओळखपत्र यांची ही भाषा आहे आणि तिथं ती पाळलीच पाहिजे. पण ज्यांच्यासाठी हा शब्द काढला त्यांच्यातल्याच अनेक संघटनांनी तेव्हाच हरकत घेतली होती. अपंगत्वात दैवी असं काही नाही, आणि नाव बदलल्यानं भेदभाव जात नाही, असं त्यांचं म्हणणं. काही जण तो शब्द आपलासा करतात, काही जण आजही 'अपंग'च म्हणवून घेतात. म्हणजे वास्तववादी कथेतसुद्धा तो सरसकट सुरक्षित शब्द नव्हे.

अद्भुतकथेत तर त्याचा वेगळाच घोटाळा होतो. या प्रकारात शब्द अक्षरशः खरे ठरतात. 'वाऱ्याची भाषा' हा तुमच्या कथेत अलंकार नाही, घंटेवालीशी वारा खरंच बोलतो. अशा कथेत 'ती दिव्यांग होती' असं वाचलं की वाचक समजणार, तिच्या अंगात दिव्य काहीतरी आहे, तुटलेल्या पायातून आता तेज बाहेर पडणार. शिवाय जुन्या काळाचा रंग भरताना 'दिव्य'चा आणखी एक अर्थही जागा होतो. मराठेशाहीत वतनाच्या तंट्यात खरं-खोटं ठरवायला 'दिव्य' करत. उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा हातानं काढायचा आणि हात भाजला की नाही त्यावर निवाडा. त्या काळच्या राज्यातल्या माणसाच्या कानाला 'दिव्य' आणि 'अंग' एकत्र ऐकू आलं तर त्याच्या डोळ्यांपुढे पोळलेला हात यायचा.

'अपंग' हा शब्द वाईट नाही, पण तो छत्रीसारखा आहे: सगळे त्याखाली मावतात आणि कुणाचा चेहरा दिसत नाही. आपल्या जुन्या बोलीत मोघमपणा नव्हता. लंगडा म्हणजे चालताना एका पायाला झोल देणारा, पांगळा म्हणजे पायांनी चालूच न शकणारा. अवयव आहे पण त्यात जीव नाही तो लुळा, हाताचा पंजा किंवा हातच नाही तो थोटा, अवयव काम देतो पण कमी देतो तो अधू. 'एका पायानं अधू' हे सातारा-सांगलीकडं आजही सहज म्हणतात आणि त्यात कुचेष्टा नसते. हे शब्द नेमके होते, पण ते माणसाच्या नावाच्या जागी जाऊन बसले तिथं बिघडले. 'लंगडा शिरपा' आणि पुढे नुसता 'लंगड्या'. मराठीत विशेषणाचं नाम फार पटकन होतं, आणि झालं की शिरपा उरत नाही.

त्यातही आपल्याकडच्या नपुंसकलिंगाकडं बारकाईनं बघा. 'लंगडं आलं बघा', 'आंधळं कुठं निघालंय', 'मुकं हाय ते'. बाई असो वा बाप्या, व्यंग आलं की त्याचं 'ते' होतं. त्याच नपुंसकात मायाही असते, कारण लेकरालाही आपण 'ते'च म्हणतो. त्यामुळे घंटेवालीची आजी 'माझं लंगडं उपाशी गेलं गं' म्हणाली तर ती माया आहे. किल्लेदार 'त्या लंगड्याला खाली हाकला' म्हणाला तर त्यानं तिला माणसातून उठवलं. तुमच्या पानांत हे दोन्ही प्रसंग आहेत, पण दोघांच्याही तोंडी 'अपंग मुलगी' आहे. आजीची आणि किल्लेदाराची भाषा सारखीच झाली तर वाचकाला दोघं ओळखू कशी येणार? पात्रांच्या तोंडचा कडू शब्द पुसू नका. फक्त निवेदकानं किल्लेदाराची भाषा बोलू नये, आणि घंटेवालीला तो शब्द ऐकू आला की त्याचं काहीतरी व्हावं: तिनं उत्तर द्यावं, किंवा घंटा मुद्दाम उशिरा वाजवावी.

याच्याच जोडीला एक सूक्ष्म गोष्ट. दुसऱ्या पानावर राजा 'लंगडी सबब' सांगतो आणि तिसऱ्यावर प्रजेचं प्रेम 'आंधळं' आहे. एरवी या वाक्प्रचारांवर कुणी थबकणार नाही. पण जिच्या कथेत पाय नसणं हा गुन्हा नाही असं तुम्ही सांगताय, तिच्याच कथेत खोटेपणाला 'लंगडा' म्हणायचं, हे कानाला टोचतं. 'तकलादू सबब' म्हणा, 'डोळे झाकून केलेलं प्रेम' म्हणा.

आता ते वाक्य, ज्यासाठी मला हे सगळं लिहावंसं वाटलं: 'दिव्यांग असूनही ती कुबडीच्या आधारानं रोज गडाच्या पायऱ्या मोठ्या जिद्दीनं चढायची.' यातला 'असूनही' काढा आणि 'जिद्दीनं'ही काढा. 'असूनही' म्हटलं की निवेदक आधीच ठरवून बसला की हिनं हे करणं अपेक्षित नव्हतं. मग उरलेली कथा त्या नवलाची होते, तिची राहत नाही. त्याऐवजी ती पायऱ्या कशा चढते ते बघा. कुबडीवाला माणूस चढताना कुबडी आधी टाकत नाही. धड पाय आधी वर जातो, त्यावर अंग उचललं जातं, मागून कुबडी येते. उतरताना उलट, कुबडी आधी खाली, मग पाय. भारही काखेत घ्यायचा नसतो, तो तळहातावर घ्यायचा. काखेत घेतला तर नस दबून हात बधिर होतो. म्हणजे इतक्या वर्षांच्या चालीनं तिच्या तळहाताला घट्टे असणार, आणि घंटेचा दोर ओढताना तेच घट्टे कामी येणार. वाक्य असं होऊ शकेल: 'एक हात तटाच्या दगडांवर ठेवून ती उजवा पाय वर टाकी, अंग उचली, मग कुबडी ओढून घेई. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळल्या की कुबडीच्या टोकाला ती सुंभ गुंडाळी.' इथं कौतुकाचा एकही शब्द नाही, तरी ती बाई दिसते. यात आणखी काय चुकतंय ते रोज कुबडी वापरणाऱ्या एखाद्या वाचकाला अंक छापण्याआधी वाचायला देऊन विचारा.

'कुबडी' हा शब्द बदलू नका, तो साताऱ्याच्या मातीतला आहे. सज्जनगडावर शेजघरात समर्थांच्या वस्तूंमध्ये कुबडी आहे आणि तिच्या आत गुप्ती असल्याचं सांगतात. बैठकीत हाताखाली घ्यायचा टेकू आणि काखेतला आधार, दोन्हींना आपण कुबडी म्हणतो. 'कुबड्या घेऊन चालणारं सरकार' म्हणताना शब्दाला आलेला हिणकसपणा मुळात त्यात नाही. तुमच्या वाचकांनी लहानपणापासून समर्थांच्या तसबिरीत कुबडी पाहिली आहे, त्याचा फायदा घ्या.

'ग्रस्त', 'पीडित', 'बळी' हे शब्दही टाळा. 8 जुलै 2024च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं चित्रपट आणि दृश्यमाध्यमांना हेच सांगितलं आहे, आणि अपंगांचं चित्रण करताना त्यांना सोबत घ्या असंही.

शेवटच्या पानाविषयी तुम्ही विचारलं नव्हतं, पण तिथं मला सगळ्यात जास्त अडलं आणि तिथलाही प्रश्न शब्दाचाच आहे. 'देवीच्या कृपेनं पाय उगवला आणि ती पूर्ण झाली.' ती अपूर्ण कधी होती? आठ पानं तिनं वाऱ्याशी बोलून राज्य राखलं. 'पंगुं लङ्घयते गिरिम्', म्हणजे देवाची कृपा पांगळ्यालाही डोंगर ओलांडायला लावते, हे आपल्या ओठांवर इतकं बसलंय की देवाची कृपा म्हणजे व्यंग जाणं, हे समीकरण आपोआप लिहिलं जातं. पण आपल्याच परंपरेत दुसरी वाटही आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विश्पला नावाच्या स्त्रीचा पाय झुंजीत तुटतो तेव्हा अश्विनीकुमार तिला धातूची जंघा बसवून देतात, तीही लगेच, धावता यावं म्हणून. देवांचे वैद्य, मनात आणतील तर काय करणार नाहीत, तरी सूक्तात हाडामांसाचा पाय उगवत नाही. आणि महाभारतातल्या आदिपर्वातला अरुण: त्याच्या आईनं, विनतेनं, घाईनं अंडं फोडलं म्हणून त्याचा खालचा देह घडलाच नाही. त्याचं एक नावच अनूरु, मांड्या नसलेला. त्याला कुणी बरं केलं नाही. त्याला सूर्याच्या रथाचे लगाम दिले. पहाटे दारोदार फिरणारा पांगूळ हा भिक्षेकरी त्याच अरुणाचा प्रतिनिधी मानला जातो. 'पांगूळ' हा शब्द उजेड येण्याची वर्दी देणाऱ्याचा आहे, हे ध्यानात घेतलंत तर शीर्षकासाठीही तो विचारात घ्या. घंटेवालीचं कामही तेच आहे.

पाय उगवलाच पाहिजे असं कथेला वाटत असेल तर निदान ती 'पूर्ण झाली' म्हणू नका. दोन पायांवर चालायला ती नव्यानं शिकेल, अडखळेल, आणि कुबडीवर घट्टे पडलेले हात रिकामे राहतील. ते लिहा. माझं मत विचाराल तर पाय उगवू नये. देवीनं तिला काहीतरी द्यायचंच असेल, तर गडाच्या पायऱ्या कमी उंचीच्या कराव्यात.

संपादकांना हे सांगा: अंकाच्या अनुक्रमणिकेत किंवा कथेच्या परिचयात त्यांना 'दिव्यांग' हवं असेल तर ते घालू द्या, तिथं आजचा वाचक बोलतो आहे. कथेच्या पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत मात्र त्यांनी तो शब्द घालू नये.