गावातल्या शाळेत गणित-विज्ञान शिकवायचंय, शिष्यवृत्ती मिळेल का?

तुम्ही डोंबिवलीच्या, बारावी सायन्सला, आणि मुरबाड-शहापूरकडे शिकवायची इच्छा आहे, हे वाचून फार बरं वाटलं. ग्रामीण शिक्षक होण्याची अट घालणारी शिष्यवृत्ती शोधत बसू नका, दोन टप्प्यांत पैसे जोडा.

आधी बीएस्सी. बोर्डात पहिल्या एक टक्क्यात आलात तर केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती, वर्षाला ८०,००० रुपये. मूलभूत विज्ञान किंवा गणितच घ्यावं लागतं.

मग बीएड. इथे मुलींना मोठा आधार आहे: ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) घटकात असाल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ आहे. पण प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात की माफी गेली. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बीएडच्या प्रवेशाआधीच काढून ठेवा, माझ्या बहिणीची धावपळ तिथेच झाली होती.

मी शहापूर तालुक्यात सातवीला शिकवते. परवा मुलांनी काठीच्या सावलीवरून शाळेतल्या आंब्याची उंची काढली, नंतर दोरी सोडून मोजली. जेमतेम वीतभर फरक! तुमच्यासारख्या शिक्षिका इथे खरंच हव्या आहेत.