'टिबिया' म्हणजे नेमकं कोणतं हाड? या शब्दाला आणखी काही अर्थ आहेत का?

टिबिया म्हणजे नडगीचं हाड. गुडघ्याखाली पायात दोन हाडं असतात. त्यांतलं आतल्या, म्हणजे अंगठ्याच्या बाजूचं जाड हाड टिबिया आणि बाहेरचं बारीक हाड फिबुला. शरीराचा भार मुख्यतः टिबियावर येतो. मांडीच्या हाडानंतर लांबीत याचाच क्रमांक. पुढच्या बाजूला यावर फक्त कातडी असते, स्नायू नसतो. म्हणून नडगीला लागलं की कळ थेट डोक्यात जाते. घोट्याचा आतला उंचवटा टिबियाचा, बाहेरचा मात्र फिबुलाचा.

मराठी परिभाषेत याला अंतर्जंघास्थी म्हणतात, आणि घोटाळा इथेच होतो. संस्कृतात 'जंघा' म्हणजे गुडघा ते घोटा हा भाग. मराठीतली 'जांघ' वेगळी आणि हिंदीतली 'जांघ' म्हणजे तर मांडी! त्यामुळे शब्द ऐकून जागा ठरवू नका.

कीटकशास्त्रात टिबिया हा पायाचा बुडापासून चौथा खंड. नाकतोड्याच्या मागच्या पायावर काटे दिसतात, तो हाच.

मूळ लॅटिनमध्ये टिबिया हे फुंकून वाजवायचं वाद्यही होतं. त्याला सर्रास बासरी म्हणतात, पण रोमन टिबियाला सनईसारखी पत्ती असे आणि बहुधा दोन नळ्या एकत्र वाजवत.